लेन्समधील बुरशी, पावसाळी प्रवास आणि ८० हजार रुपये

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण त्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. तुमच्याकडे पाच वर्षांपूर्वी घेतलेला क्रॉप सेन्सरचा, म्हणजे प्रकाश टिपणारा सेन्सर लहान असलेला, डीएसएलआर कॅमेरा आहे, त्याबरोबर आलेल्या १८-५५ आणि ७०-३०० मिलिमीटर अशा दोन झूम लेन्स आहेत (आकडा जितका मोठा तितके दूरचे जवळ दिसते), तुम्ही डोंबिवलीत तळमजल्यावर राहता, आणि गेल्या महिन्यात कपाटातून कॅमेऱ्याची सॅक काढली तेव्हा ७०-३०० च्या आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे काहीतरी दिसले. ऑगस्टमध्ये भंडारदरा आणि आंबोली, डिसेंबरमध्ये हंपी असा बेत आहे, आणि हाताशी ८० हजार रुपये आहेत. कार्यालयातील सहकाऱ्याचे म्हणणे असे, की जुने सगळे विकून पावसापाण्याला दाद न देणारा फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, मिररलेस (आरसा नसलेला) कॅमेरा घ्यावा, म्हणजे बुरशीची कटकट कायमची मिटेल. ते खरे आहे का, आणि ७०-३०० चे काय करायचे, असे तुम्ही विचारता.

बुरशीपुरते बोलायचे तर खरे नाही. तुमच्या लेन्सला बुरशी लागली ती घरातल्या कपाटात, सॅकच्या आत, आणि नवा कॅमेरा त्याच सॅकमध्ये त्याच कपाटात ठेवलात तर एकदोन पावसाळ्यांत त्याच्याही लेन्समध्ये जाळी दिसू लागेल. म्हणून कोणता कॅमेरा घ्यावा यापेक्षा आधी तो वर्षातले साडेतीनशे दिवस कुठे ठेवणार, हे ठरवावे लागेल. पैशांचा हिशेब त्यानंतर.

पुढे जे सांगते आहे त्यातले बरेचसे परिस्थितीवर अवलंबून आहे, हे आधीच नमूद करते. मी गेली बावीस वर्षे प्रवासात फोटो काढते. डोंगर, देवळे, बाजार आणि माणसे हे माझे विषय आहेत. पक्ष्यांचे किंवा लग्नांचे फोटो काढणारा माणूस ८० हजारांची वाटणी निराळी करील आणि त्याच्या जागी तो बरोबरही असेल. मी मुलुंडला चौथ्या मजल्यावर राहते, तुम्ही तळमजल्यावर, त्यामुळे भिंतींची ओल तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त छळणार. परंतु जून ते ऑक्टोबरची सुरुवात या काळातली मुंबई आणि आसपासची हवा सगळ्यांना सारखीच आहे: बाहेरची सापेक्ष आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर असते, पापड सादळतात, कपड्यांना कुबट वास येतो आणि चामड्याच्या पट्ट्यावर पांढुरकी साय धरते. ज्या घरात पट्ट्यावर अशी साय धरते, तिथे लेन्सही सुरक्षित नसते.

हे मी स्वतः शिकले ते २००५ मध्ये. तेव्हा आम्ही कलिन्याला तळमजल्यावर राहत होतो. २६ जुलैला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्या दिवशी आमच्या घरात गुडघ्याच्या वर पाणी होते. पाणी उंबऱ्याशी आले तसे बाबांनी सगळ्यात आधी माझी कॅमेऱ्याची बॅग उचलून माळ्यावर टाकली. फ्रीज गेला, गाद्या गेल्या, पुस्तकांचा लगदा झाला. कॅमेऱ्याला मात्र थेंबही लागला नाही आणि त्याचे मला केवढे कौतुक वाटत होते! घर सावरण्याच्या धांदलीत बॅग माळ्यावरच राहिली. दिवाळीच्या आधी खाली काढली, चामड्याच्या केसमधून लेन्स बाहेर घेतली, तेव्हा आत मधोमध एक नाजूक पांढरे फूल उमललेले दिसले. फोर्टात बोरा बाजाराच्या गल्लीत एक वयस्कर दुरुस्तीवाले बसत, त्यांच्याकडे ती घेऊन गेले. त्यांनी काच पुसून दिली, पण पुसल्यावरही उजेडात तिरकी धरली की त्या फुलाचा आकार काचेवर तसाच दिसे. बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला होता. पुरातून वाचलेली लेन्स अडीच महिन्यांच्या कोंदट काळोखात गेली.

असे का होते, ते थोडक्यात सांगते. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात आणि कारखान्यातून आलेल्या लेन्समध्येही थोडेफार असतातच. त्यांना टाळता येत नाही. त्यांना रुजायला चार गोष्टी लागतात: थोडी धूळ किंवा बोटांचा तेलकटपणा, अंधार, न हलणारी हवा आणि सलग काही दिवस साधारण ६५ टक्क्यांहून अधिक आर्द्रता. यातली पहिली लेन्सच्या आतून काढून टाकणे आपल्या हातात नाही. अंधार आणि कोंडलेली हवा कॅमेऱ्याच्या सॅकमध्ये आपण स्वतःच पुरवतो, कारण सॅकमधला स्पंज ओल शोषून धरतो आणि वरची चेन हवा अडवते. पूर्णपणे आपल्या ताब्यात येते ती आर्द्रता. बुरशी वाढताना आम्लधर्मी द्रव्ये सोडते आणि ती काचेवरचा लेप कुरतडतात, म्हणून पहिल्या महिन्यात दिसलेली जाळी पुसून निघते आणि वर्ष उलटल्यावर दिसलेली आपला ठसा मागे ठेवते.

तुमच्या ७०-३०० मध्ये नेमके काय आहे, हे आज रात्रीच तपासा. खोलीतला दिवा मालवा, लेन्सची दोन्ही झाकणे काढा आणि मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेकडून आत सोडा. पुढून पाहताना सरळ न पाहता थोडे तिरके पाहा, आणि लेन्स सावकाश फिरवत राहा. लेन्सच्या आतले, प्रकाश आत सोडणारे छिद्र बंद दिसले तर मागच्या बाजूची लहानशी दांडी बोटाने हलकेच सरकवून ते उघडता येते. तुमच्या लेन्सला अशी दांडी नसेल तर जे दिसेल तेवढ्यावर भागवा. सुटे सुटे ठिपके दिसले तर ती धूळ आहे, तिची चिंता करू नका. एका बिंदूपासून फांद्या फुटत गेलेल्या बारीक रेषा, खिडकीच्या तावदानावर पसरलेल्या मुळांसारख्या, ही बुरशी. सगळीकडे सारखे धुरकट दिसले तर आतल्या वंगणाची वाफ काचेवर बसली असण्याची शक्यता जास्त. बुरशी कडेला आणि पुढच्या काचेवर असेल तर फोटोत बहुधा काहीच दिसणार नाही. ती मागच्या काचेजवळ किंवा मधोमध असेल, तर सूर्याकडे तोंड करून काढलेल्या फोटोत काळा रंग राखाडी होतो आणि चित्रावर दुधाळ पडदा येतो.

आता घरातली व्यवस्था. हवाबंद झाकणाचा, कडेला रबर आणि चारही बाजूंना क्लिपा असलेला दहा-बारा लिटरचा प्लास्टिकचा डबा घ्या. त्यात काही शे रुपयांत मिळणारा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा आणि मलमलच्या पुरचुंडीत पाव किलो सिलिका जेल ठेवा. केशरी रंगाचे, ओल शोषल्यावर हिरवे होणारे जेल घ्यावे. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असते, ते स्वयंपाकघराच्या आसपास नको. मापकावरचा आकडा ४० ते ५० च्या दरम्यान राहिला पाहिजे. तो ५५ च्या वर सरकू लागला की जेल ओव्हनमध्ये १०० ते १२० अंशांवर दोन-तीन तास तापवावे, की ते पुन्हा केशरी होते. जुलै-ऑगस्टमध्ये माझा डबा रोज उघडला जातो तेव्हा मला हे दर दहा-बारा दिवसांनी करावे लागते, जानेवारीत महिनामहिना हात लावावा लागत नाही. उत्साहाच्या भरात किलोभर जेल भरून आर्द्रता ३० च्या खाली नेऊ नका, कारण फार कोरड्या हवेत रबर आणि वंगण सुकतात. मापक मात्र हवाच. त्याच्याशिवाय जेलच्या पुड्या टाकून निर्धास्त झालेले लोक मी बरेच पाहिले आहेत, आणि त्यांच्या पुड्या जूनच्या अखेरीसच पाणी पिऊन तृप्त झालेल्या असतात.

विजेवर चालणारे ड्राय कॅबिनेट याहून सोयीचे. आकडा एकदा लावून दिला की ते स्वतःच सांभाळते, वीज नगण्य खाते आणि लहान आकाराचे दहा-बारा हजारांच्या आसपास मिळते. तुमचे घर तळमजल्यावर आहे आणि जेल तापवण्याचे काम आपण तिसऱ्या महिन्यात सोडून देतो हा माझा स्वतःचाच अनुभव आहे, म्हणून तुम्हाला मी कॅबिनेटच सुचवीन. कॅमेरा तांदळात पुरून ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. मिठाच्या बरणीत दोन दाणे टाकणे ठीक आहे, पण तांदळाची पूड बटणांच्या फटीत गेली की ती काढणे बुरशी काढण्यापेक्षा कठीण.

सहकाऱ्याच्या ‘पावसापाण्याला दाद न देणाऱ्या’ कॅमेऱ्याबद्दल एवढेच, की वेदर सीलिंग म्हणजे सांध्यांना लावलेल्या रबरी पट्ट्या. त्या भुरभुर पाऊस आणि धूळ बऱ्यापैकी अडवतात, पण लेन्सलाही तशीच पट्टी नसेल तर निम्म्या निरुपयोगी ठरतात, आणि पाण्याने झालेले नुकसान बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत बसत नाही. हवेतल्या दमटपणाला तर त्या मुळीच अडवत नाहीत. झूम लेन्स पुढे-मागे करताना तिच्या आतली हवा लोहाराच्या भात्यासारखी आत-बाहेर होते आणि आंबोलीच्या ढगातली ओली हवा प्रत्येक झूमसरशी आत ओढली जाते.

प्रवासात पावसाच्या थेंबांपेक्षा मला भीती वाटते ती वातानुकूलित खोलीची. हिशेब साधा आहे. बाहेर २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू तापमान साधारण २५ अंश येते, म्हणजे २५ पेक्षा थंड असलेल्या प्रत्येक वस्तूवर पाणी धरणार. तुम्ही खोलीत एसी २२ वर लावून झोपलात तर सकाळी कॅमेराही २२ अंशांवर असतो आणि दार उघडताच त्याच्यावर घाम फुटतो. एसी लोकलमधून दुपारी फलाटावर उतरल्यावर चष्मा धुरकट होतो तोच हा प्रकार. चष्मा आपण पुसतो आणि विसरतो, कॅमेऱ्याच्या बाबतीत नेमके तेच करू नये. काही वर्षांपूर्वी आंबोलीला आमच्या गटातले एक गृहस्थ पहाटे खोलीतून थेट बाहेर आले, लेन्स धुरकट झाली म्हणून त्यांना वाटले लेन्सच बिघडली, आणि त्यांनी तिथेच ढगात उभे राहून ती बदलली. थंड सेन्सर उघडा पडला आणि त्याच्यावरही वाफ धरली. ती सकाळ तर गेलीच, वर सेन्सरवर राहिलेले डाग पुढच्या सगळ्या फोटोंच्या आकाशात उमटले. त्यापेक्षा रात्री एसी लावूच नका, किंवा कॅमेरा झिपच्या मोठ्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि बाहेर नेल्यावर अर्धा तास पिशवी उघडू नका. वाफ धरायची ती पिशवीवर धरू द्या.

प्रत्यक्ष पावसात मी फार थोडे सामान वापरते. मोठी छत्री, आंघोळीला डोक्याला बांधतात ती प्लास्टिकची टोपी, आणि दोन सुती पंचे. एक ओला झाला की दुसरा. दिवसभरात लेन्स बदलत नाही, म्हणून सकाळीच एक ठरवून निघते. पुढे हूड, म्हणजे लेन्सच्या टोकाला बसणारी आडोशाची कडी, कायम लावलेला असतो. संध्याकाळी मुक्कामी आल्यावर ओली सॅक उघडून सगळे सामान पंख्याखाली चादरीवर मांडायचे आणि दोन तासांनी पंच्याने पुसूनच परत आत ठेवायचे, हा नियम कितीही दमले तरी मोडत नाही. लेन्सच्या रक्षणासाठी पुढे लावलेली काच, म्हणजे यूव्ही फिल्टरही, त्या वेळी काढते, कारण फिल्टर आणि काच यांच्यामध्ये अडकलेली ओल आपल्याला दिसत नाही.

राहिला पैशांचा हिशेब. फुल फ्रेमचा सेन्सर तुमच्या सेन्सरच्या सुमारे सव्वादोनपट क्षेत्रफळाचा असतो, तेवढा अधिक प्रकाश तो गोळा करतो, आणि हा फायदा खरा आहे. पण तुमची १८-५५ लेन्स ३५ मिलिमीटरवर एफ ४.५ च्या आसपास उघडते (एफचा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे). त्याऐवजी ३५ मिलिमीटरची एफ १.८ लेन्स लावली तर सेन्सरवर सहापट प्रकाश पडतो, तोही फुल फ्रेमच्या किमतीच्या लहानशा भागात. हाताचा कंप सावरणारी स्टॅबिलायझेशनची सोय आपला हात स्थिर करते, समोरच्या माणसाला स्थिर करत नाही, म्हणून देवळातल्या अंधारात पुजारी, भाविक, घंटेकडे हात नेणारे मूल यांचे फोटो काढायचे तर मोठे छिद्रच लागते. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात मागच्या बाजूला एक काळोखी जागा आहे. तिथे भिंतीतल्या लहानशा झरोक्यातून समोरच्या उंच गोपुराची प्रतिमा उलटी होऊन पलीकडच्या भिंतीवर पडते. कॅमेरा नावाची वस्तू जन्मण्याआधीचा तो दगडी कॅमेराच म्हणायचा. ती प्रतिमा इतकी फिकी असते की १८-५५ ने मी हात टेकले होते; ३५ च्या एफ १.८ ने ती हातात धरून मिळाली. शिवाय त्या लेन्समध्ये झूम नाही, म्हणून भाताही नाही.

भंडारदऱ्यासाठी तुम्हाला पोलरायझर, म्हणजे लेन्सच्या पुढे लावून फिरवायचा फिल्टर, लागेल. पावसाळ्यात पानांवर आणि दगडांवर पाण्याची चकाकी असते, तिच्यामुळे हिरवा रंग फोटोत पांढरट येतो. पोलरायझर सावकाश फिरवला की चकाकी उतरते आणि खालचा रंग वर येतो. रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिराचा ओला काळा दगड पाहताना हा फरक व्ह्यूफाइंडरमध्ये डोळ्यांदेखत घडतो. यात दीड ते दोन स्टॉप प्रकाश जातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट), तेवढे आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, वाढवावे लागते. धुक्यात कॅमेऱ्यातले प्रकाश मोजणारे मीटर पांढऱ्याला राखाडी समजते, म्हणून पाऊण-एक स्टॉप जास्त द्यावा. तिपाई चांगल्यापैकी घ्या, धबधब्यांसाठी ती हवीच. पण हंपीत पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या वास्तूंमध्ये परवानगीवाचून तिपाई लावू देत नाहीत, तेव्हा तिथे तिच्यावर भिस्त ठेवू नका.

म्हणजे ड्राय कॅबिनेट, ३५ एफ १.८, पोलरायझर आणि तिपाई एवढे घेऊनही तुमची निम्म्याहून अधिक रक्कम शिल्लक राहायला हवी. ती लगेच खर्च करू नका. हंपीला जाताना मुंबईत भाड्याने मिळणारा फुल फ्रेम कॅमेरा चार दिवस घेऊन पाहा, आणि परत आल्यावर दोन्हींचे फोटो मोठ्या पडद्यावर शेजारी शेजारी ठेवा. फरक तुम्हाला न सांगता दिसला तर पुढच्या वर्षी अवश्य घ्या. तुमच्या घरात तोवर तो ठेवायला जागा झालेली असेल. सहकाऱ्याचा सल्ला मुळात वाईट नाही, फक्त तो एक पायरी गाळून दिलेला आहे.

७०-३०० चे काय करायचे, हा तुमचा शेवटचा प्रश्न. जाळी कडेला आणि ताजी असेल तर दुरुस्तीवाल्याकडून आधी अंदाज घ्या. लेन्स उघडून स्वच्छ करण्याचा खर्च तिच्या जुन्या बाजारातल्या किमतीच्या निम्म्याहून अधिक सांगितला तर ती तशीच वापरा, फक्त आता कोरड्या हवेत ठेवा, म्हणजे वाढ थांबेल. उन्हात ठेवून बुरशी मारण्याच्या फंदात पडू नका, त्याने आतले वंगण मात्र पातळ होऊन काचेवर येते. विकायचीच ठरवली तर गिऱ्हाइकाला टॉर्च लावून जाळी दाखवा आणि मग भाव सांगा. आणि ३५ ची लेन्स तुम्ही फोर्टात जुनी घेणार असाल तर तोच टॉर्च खिशात घेऊन जा, दुकानातल्या झगझगीत दिव्याखाली न पाहता जिन्यातल्या अंधारात दोन मिनिटे ती फिरवून पाहा. चांगला दुकानदार याला हरकत घेत नाही, आणि जो घेतो त्याच्याकडची लेन्स तिथेच ठेवून जिना उतरा.